अकरा वाजता टेबलं हलतात

दाजीचं लग्न ठरलं. त्याआधी सगळ्यांनी मिळून एक रात्र बाहेर काढायची असं ठरलं, आणि नियोजन माझ्याकडे आलं. कारण उघड आहे. मी पुण्याच्या कंपनीचं काम मालवणात घरी बसून करतो, त्यामुळे मी दिवसभर रिकामा असतो अशी गावाची समजूत आहे. शिवाय मला एक्सेल येतं.

शीट केली. आठ मुलगे, दोन मुली, दोन गाड्या. रस्ता कुडाळ, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, आणि पुढे उत्तर गोवा. जागा दाजीच्या बहिणीने इन्स्टाग्रामवर शोधलेली. आठ ते अकरा उंची रेस्टॉरंट: मेणबत्त्या, पांढरे नॅपकिन, आणि आमच्याकडे वाट्याने घेतात ते तिसरे तिथे बशीत मोजून सहा. अकरा वाजता टेबलं भिंतीकडे सरकवतात, डीजे येतो, आणि पहाटेपर्यंत क्लब.

फोन केला. जेवायला दहाही जण चालतील, म्हणाले. पण अकरानंतर ‘रेशो’ लागेल. आठ पुरुषांत दोनच लेडीज म्हणजे रेशो बसत नाही. पुरुषांना वेगळा कव्हर चार्ज, तोही जागा असली तर. पायात बंद बूट हवेत. म्हणजे ज्या खुर्चीत बसून मी अकराला पाच कमी असताना पुडिंग खात असेन, त्याच खुर्चीत अकरा वाजून पाच मिनिटांनी बसायला मी अपात्र.

हे मी ग्रुपवर टाकल्यावर बाबूने एकच प्रश्न विचारला: “पण हॉटेलाचो क्लब नेमको केवा होता?”

बाबू दशावतारात स्त्रीपार्ट करतो. पावसाळा सोडला तर रोज रात्री कंपनीच्या गाडीत असतो. त्याने प्रश्न गंमतीत विचारला असणार, पण मी इंजिनिअर आहे. एखादी गोष्ट एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाते म्हटलं, की ती कुठल्या अटीवर जाते हे मला बघावंसं वाटतं. आठवडाभर रात्री कायदे आणि निकाल वाचत बसलो. गोव्याचे नव्हे, महाराष्ट्राचे. कारण घरापासून इतक्या जवळ समुद्र, मासे, बिअर सगळं असताना आम्ही पत्रादेवी ओलांडून का जातो, याचं उत्तर अलीकडच्या बाजूला असणार.

साधं उत्तर वयाचं आहे. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय २५ लागतं, गोव्यात १८ पुरतं. दाजीचा भाऊ २२ वर्षांचा आहे. पण पिणं हा एक परवाना झाला. हॉटेलात माणसाने नाचायचं, गायचं, वाजवायचं असेल तर दुसरा कागद लागतो, आणि खरी गोष्ट त्या दुसऱ्या कागदाची आहे. मुंबई पोलीस अधिनियम १९५१ चा, त्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. त्याच्या कलम ३३ खाली खानावळी आणि करमणुकीच्या जागा यांचे परवाने येतात. त्याखाली मुंबईसाठी केलेले १९६० चे नियम आहेत. त्यांच्या लांबलचक नावात कॅबरे, मेळे आणि तमाशे हे तिन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. हे वाचून मी खूश झालो. सरकारच्या लेखी पंचतारांकित हॉटेलातली नर्तिका आणि कनातीतली नर्तिका एकाच फायलीत! पुढचं वाचेपर्यंत ही खुशी टिकली.

रात्री रूप बदलणारं हॉटेल तसं जुनं आहे. १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला जॅझ बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. तिथे जेवणाच्या टेबलांच्या मधोमध नाचायची फरशी असे. पुढे या बँडांत गोव्याची मुलं शिरली. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ताजमध्ये ट्रम्पेट वाजवू लागला. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, १९५० मध्ये पूर्ण दारूबंदी झाली, आणि हॉटेलांतल्या या रात्री सुकत गेल्या. वादकांना सिनेमाचा आधार होता. १९५१ च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांचं संगीत आहे आणि पडद्यावर चिक चॉकलेटचा बँडही. नाचणारे अर्थात भगवानदादा, म्हणजे भगवान पालव. आडनाव ऐकून आमच्याकडे माणसं अजून खूश होतात. त्यांचा तो खांद्यातल्या खांद्यात हलणारा नाच आज मालवणातल्या प्रत्येक वरातीत दिसतो आणि त्याला कुठलाच परवाना लागत नाही.

दारूबंदी पुढे सैल झाली. तिने मागे एक शब्द ठेवला: परमिट रूम. प्रकृतीसाठी दारू आवश्यक असलेल्या माणसाने परवाना दाखवून प्यायची खोली. खानावळ, तिला जोडून परमिट रूम, आणि त्यावर करमणुकीचा परवाना. हे तीन कागद एकत्र ठेवले की महाराष्ट्रात जे तयार झालं, त्याला आपण डान्स बार म्हणतो.

इथे काका येतात.

माझे एक काका पनवेलजवळ ‘हॉटेलात’ होते. घरात हा शब्द असाच वापरला जाई, आणि तो खोटा नव्हता. ते वेटर होते, परवान्यावर खानावळच होती. २००५ च्या गणपतीला ते आले आणि परत गेलेच नाहीत. मी तेव्हा सात वर्षांचा. काका आता कायम इथेच, मला रोज होडीवर नेणार, याचा मला आनंद झालेला आठवतो. बाकीच्या घरात आनंद का नाही ते कळत नव्हतं. लेडीज बार हा शब्द मी आमच्या घरात पहिल्यांदा ऐकला तो कॉलेजात असताना, तोही आईने दार लोटून घेतल्यावर.

त्या वर्षी काय झालं होतं ते आता नीट वाचलं. गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदी जाहीर केली. पोलीस कायद्यात ३३अ आणि ३३ब ही दोन कलमं घातली गेली आणि ऑगस्ट २००५ मध्ये बंदी लागू झाली. ३३अ म्हणतं: खानावळ, परमिट रूम, बिअर बार यांत कुठल्याही प्रकारचा नाच करता येणार नाही. आणि ३३ब म्हणतं: हे कलम नाट्यगृहांना लागू नाही, फक्त सभासदांना प्रवेश देणारे क्लब आणि जिमखाने यांना लागू नाही, तीन तारे किंवा त्याहून वरच्या हॉटेलांना लागू नाही. शिवाय पर्यटन धोरण लक्षात घेऊन सरकारला आणखी कुणाला सूट द्यावीशी वाटली तर तीही देता येईल. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे, पण काकांना त्याचा उपयोग नव्हता.

प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला हे दोन ओळींचं इफ-एल्स लगेच कळतं. अट नाचावर नाहीच, अट ताऱ्यांवर आहे. तीच मुलगी, तेच गाणं, तेच कपडे. तीन तारे असतील तर संस्कृती, नसतील तर अनीती. मुंबई उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी ही बंदी रद्द केली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे १६ जुलै २०१३ रोजी निकाल लागला आणि बंदी तिथेही टिकली नाही. श्रीमंतांनी पाहिलं तर नुसती करमणूक होते आणि गरिबांनी पाहिलं तर समाज बिघडतो, हे गृहीतक घटनेत बसत नाही, असा त्याचा आशय. बंदीमुळे ७५,००० हून अधिक बायका बेरोजगार झाल्याची नोंदही निकालात आहे. वेटर, आचारी, वादक यांची गणना मला कुठे सापडली नाही.

यावर सरकारने २०१४ मध्ये काय करावं? सूटच काढून टाकली. मग सगळ्यांनाच बंदी, म्हणजे भेदभाव नाही. तर्कशुद्ध आहे, हे मान्य करावं लागेल. तीही २०१५ मध्ये स्थगित झाली. मग २०१६ चा नवा कायदा आला. १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या बऱ्याच अटी उडवल्या: नाचाच्या जागी दारू नको, सीसीटीव्ही हवाच, शाळा-देवळापासून एक किलोमीटर दूर. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ राहिली. पैसे उधळायचे नाहीत, बक्षीस मात्र देता येईल, हेही राहिलं. काका तोपर्यंत चौदा वर्षं मालवण जेट्टीवर पर्यटकांना किल्ल्याच्या होडीत चढवत होते.

बाबूचा प्रश्न मी शेवटी त्यांनाच विचारला. ते जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, “पाण्याची बाटली तीच, भाव दुसरो. तेवा समजायचा.”

२००५ च्याच पावसाळ्यात आणखी एक निकाल आला होता, तो बाबूच्या बाजूला लागतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडक केलं. वर्षात फार तर १५ दिवस, तेही मध्यरात्रीपर्यंत, सूट देता येते. आणि बंद जागांना, म्हणजे सभागृहं, बँक्वेट हॉल वगैरेंना, आतल्या आत वाजवायला मोकळीक. म्हणजे इथेही भिंती असलेल्याला सूट. मला झोपेचा हक्क मान्य आहे, सकाळी नऊला माझी मीटिंग असते. पण दशावताराला भिंत नाही. तो देवळासमोर, जत्रेत होतो, आणि पालखी झाल्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास उभा राहतो. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर. मग आख्यान. मग उजाडताना दहीकाला. हार्मोनियम, मृदंग आणि झांज यांवर हे सगळं माईक येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलंय. (गोव्यात पाळोळ्याला याच दहाच्या नियमामुळे कानाला हेडफोन लावून नाचायच्या पार्ट्या निघाल्या. बाबूला सांगितलं तर त्याने बराच वेळ विश्वास ठेवला नाही.)

आणि जत्रा हेही रात्री रूप बदलणारं हॉटेलच. कापडाच्या मांडवात उसळ-पाव, भजी, चहा, बाजूला खाजं आणि खटखटे लाडू. बारानंतर त्याच बाकड्यांवरून माणसं नाटक बघतात. रेशो कोणी विचारत नाही. साडी नेसलेला बाबू नाचतो, बक्षीस येतं, देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं, आणि पुढच्या रांगेत माझी आई असते. तीच आई काकांच्या हॉटेलाबद्दल दार लोटून बोलते. यात तिला विसंगती दिसत नाही, आणि मी ती तिला दाखवलेली नाही.

बाबूने यायला नकार दिला. “मी रातभर पैशे घेवन नाचतंय. थंय पैशे देवन नाचूचा?” वर, त्या रात्री त्याचा प्रयोग आहे. त्यामुळे शीटला आता दोन टॅब आहेत. पहिल्यात आम्ही अकराआधी निघून जत्रेत पोचतो, बाबूची एन्ट्री मिळते. दुसऱ्यात आम्ही तिथेच थांबतो. दाजीच्या बहिणीला दुसराच हवा आहे, आणि तिचं म्हणणं बरोबर आहे. जत्रेत ती नाचू शकत नाही, बाबू तिच्या वाट्याचं नाचतो. तिला अनोळखी लोकांत, कुणाची काकी-मावशी नसताना नाचायचं आहे. अडवायचं असेल तर ते आम्हा मुलांना अडवतील, तिला नाही.

काकांनी दोन्ही टॅब ऐकून घेतले. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाईटक्लबला आग लागली. २५ माणसं गेली, त्यातली बहुतेक तिथेच कामाला होती. झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ इथून आलेली. त्यातली कितीतरी खाली तळघराकडे, स्वयंपाकघरापाशी अडकली होती. वर क्लब झाला तरी खाली हॉटेल चालूच असतं. काका त्या बातमीनंतर दोन दिवस फारसं बोलले नव्हते. आता म्हणाले, “मागचा दार खंय आसा, ता विचारून घे. गिऱ्हाइकांचा नाय. किचनाचा.”

पुन्हा फोन केला. किचनला मागून दार आहे का, असं विचारलं. पलीकडच्या मुलाला वाटलं मी पैसे न देता पळायच्या विचारात आहे. मॅनेजरला विचारून सांगतो म्हणाला. शीटमध्ये एक रकाना वाढवला आहे. गाड्या, बूट, कव्हर चार्ज, परतीची वेळ हे सगळं भरून झालं, तो तेवढा अजून रिकामा आहे.