विटांची भट्टी आणि छेदणाऱ्या रेषा

संगणकांच्या जाळ्याची आकृती काढण्यासाठी खास प्रोग्राम असतात. पडद्यावर चौकटी मांडायच्या आणि त्या रेषांनी जोडायच्या. चौकटी थोड्या असल्या तर अडचण येत नाही. त्या वाढल्या, की रेषा एकमेकींना छेदू लागतात आणि कोणती रेषा कोठे जाते तेच कळेनासे होते. रेषा कोठून न्यावी, हा प्रश्न मात्र या प्रोग्रामांपेक्षा जुना आहे. तो एका वीट कारखान्यातही उभा राहिला होता.

जुलै 1944. हंगेरीतील ज्यू गणितज्ञ पॉल तुरान यांना बुडापेस्टजवळच्या एका वीट कारखान्यात सक्तमजुरीला जुंपले होते. तेथे काही भट्ट्या होत्या आणि विटा रचून ठेवण्याच्या काही मोकळ्या जागा. प्रत्येक भट्टीपासून अशा प्रत्येक जागेपर्यंत रूळ टाकलेले होते. विटांनी भरलेली गाडी रुळांवरून सहज ढकलता येई. पण दोन रूळ छेदत तेथे ती घसरे आणि विटा खाली पडत. तुरान यांच्या मनात आले, रूळ टाकताना छेद कमीत कमी ठेवायचे तर किती ठेवावे लागतील?

हा प्रश्न वर्गात करून पाहण्यासारखा आहे. आडव्या रेषेवर मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना जवळपास निम्म्या-निम्म्या भट्ट्या मांडा. उभ्या रेषेवर तशाच विटांच्या जागा मांडा. आता प्रत्येक भट्टी प्रत्येक जागेशी सरळ रेषेने जोडा. तीन भट्ट्या व तीन जागा असतील तर 1 छेद मिळेल, चार-चार असतील तर 4 आणि पाच-पाच असतील तर 16.

ही मांडणी पोलंडचे गणितज्ञ झारांकिएविच यांची. यापेक्षा कमी छेद शक्यच नाहीत, अशी सिद्धताही त्यांनी 1954 मध्ये दिली. पुढे त्या सिद्धतेत उणीव आढळली. एका बाजूला सहा किंवा त्याहून कमी बिंदू असतील तर झारांकिएविच यांची संख्या बरोबर आहे, हे क्लाइटमन यांनी 1970 मध्ये दाखवले. सर्व संख्यांसाठी सिद्धता आजही मिळालेली नाही!

मग संगणक काय करतो? निदान एका रेषेचा मार्ग शोधण्याची सोपी रीत ली यांनी 1961 मध्ये प्रसिद्ध केली. चौकटीचा कागद घ्या व अडथळ्यांची घरे काळी करा. सुरुवातीच्या घराच्या शेजारच्या मोकळ्या घरांत 1 लिहा, त्यांच्या शेजारच्या कोऱ्या घरांत 2, मग 3. पाण्यात उठलेल्या तरंगाप्रमाणे आकडे पसरत जातात. शेवटचे घर गाठले, की उतरत्या आकड्यांनी मागे या. वाट असेल तर ती सापडतेच आणि तीच सर्वांत आखूड असते. विद्युतमंडलाच्या पट्टीवर तारांचे मार्ग आखण्यासाठी ही रीत खूप उपयोगी पडली.

सगळ्या रेषांचा एकत्र विचार करणे मात्र अवघड. कोणत्याही जाळ्यातील छेद कमीत कमी करण्याचा प्रश्न संगणकालाही फार कठीण असलेल्या वर्गात मोडतो, हे 1983 मध्ये गॅरी आणि जॉन्सन यांनी सिद्ध केले. म्हणून असे प्रोग्राम पुरेसा चांगला मार्ग सुचवतात आणि रेषेवरचा बिंदू ओढून वळण बदलण्याची मुभा आपल्याला ठेवतात.