पाटीच्या आधी पाय

तिशीच्या उंबरठ्यावर पोचलेल्या आमच्या पिढीत सध्या एक नवीन विषय आलाय. पूर्वी कॅन्टीनमध्ये अप्रेझल, ऑनसाईट आणि होमलोन एवढंच चालायचं. आता ज्यांना पोरं झाली आहेत ते प्ले-स्कूलबद्दल बोलतात. कुठे तिसऱ्या वर्षी एबीसीडी लिहून घेतात, कुठे फोनिक्स आहे, कुठे अबॅकस. "तिथे ग्राउंड आहे का?" असं विचारलं की लोक जरा विचित्र नजरेने बघतात. ग्राउंड म्हणजे खेळ, खेळ म्हणजे टाईमपास, आणि फी काय टाईमपासची भरायची?

तर मंडळी, आज थोडा इतिहास. लहान मुलाचे हातपाय आणि त्याचं डोकं यांचा घट्ट संबंध आहे, हे आता मेंदूचे शास्त्रज्ञ सांगतात. पण या समजुतीवर महाराष्ट्रात दोन बायकांनी ऐंशी वर्षांपूर्वी एक अख्खी शाळा उभी केली होती. त्यांच्या कामातून आलेला एक शब्द आज देशभर पाट्यांवर रंगवलेला दिसतो. शब्द राहिला, त्यातला मुद्दा मात्र बराचसा निसटला. तो कसा, हेच आज बघायचंय.

आधी आपली जुनी सवय बघू. आपल्याकडे शरीर आणि डोकं ही कायम दोन वेगळी डिपार्टमेंट्स. शरीराचं खातं तालमीकडे. या खात्यात आपण मागे कधीच नव्हतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब नावारूपाला आणला. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. बडोद्याच्या आबासाहेब मुजुमदारांनी तर मराठीत दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश संपादित केला. पण हे सगळं कशासाठी? बळ, निरोगी शरीर, शिस्त, देशासाठी तयार तरुण यासाठी. तालमीतल्या पोराचं गणित सुधारावं ही अपेक्षा कोणाचीच नव्हती.

डोक्याचं खातं शाळेकडे. तिथला पहिला नियम आपल्या सगळ्यांना पाठ आहे: हाताची घडी, तोंडावर बोट. नीट विचार केला तर गंमत वाटते. चार वर्षांचं पोर जगाची माहिती हातांनी आणि तोंडाने गोळा करतं. आपण त्याची नेमकी ही दोन इनपुट डिव्हाइसेस बंद करायची आणि मग म्हणायचं, चला, आता शिकू या!

या दोन खात्यांमधली भिंत फोडायची कल्पना आपल्याकडे आली ती इटलीहून, व्हाया गुजरात. मारिया मॉंटेसरी या मूळच्या डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ ला रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी कामगारांच्या मुलांसाठी बालगृह सुरू केलं. तिथे मुलं बाकावर बसत नसत. ठोकळे खाचेत बसवायचे, बटणं लावायची, रेषेवरून तोल सांभाळत चालायचं. अक्षरंसुद्धा आधी खरखरीत कागदावर बोट फिरवून शिकायची, लेखणी नंतर.

भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक वकील होते. त्यांनी मॉंटेसरी वाचली, वकिली सोडली आणि १९२० मध्ये बालमंदिर काढलं. राजकोटच्या एका महिला अध्यापन महाविद्यालयातली चांगली नोकरी सोडून १९२३ च्या सुमारास ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. त्या काळात एका पदवीधर बाईने तीन-चार वर्षांच्या पोरांसाठी अशी नोकरी सोडणं म्हणजे आजच्या भाषेत करिअर सुसाईडच! १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई मुंबईला आल्या आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं.

इथपर्यंतची गोष्ट शहरी मध्यमवर्गाची आहे. मॉंटेसरीची साधनं महाग, शिक्षिका प्रशिक्षित, मुलं चांगल्या घरातली. १९३१ मध्ये लंडनला गांधीजी मॉंटेसरींना भेटले, तेव्हा हे शिक्षण गरिबांच्या मुलांपर्यंत जावं अशी इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती. ताराबाईंच्या डोक्यातही हाच प्रश्न होता. १९४५ मध्ये त्यांनी दादर सोडून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलं (आता पालघर) बोर्डी गाठलं. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा. स्वतः शिकलेल्या आणि पुण्यात शिक्षिका म्हणून काम केलेल्या. ही जोडी पुढची जवळजवळ तीस वर्षं टिकली.

बोर्डीत पहिलाच फटका बसला. बालवाडी काढली, पण ज्यांच्यासाठी काढली ती मुलं येईनात. आईबाप कामावर, मोठी पोरं धाकट्यांना कडेवर घेऊन, आणि गावात जातीच्या भिंती होत्याच. मग दोघींनी उलटा विचार केला. मुलं बालवाडीत येत नाहीत ना, तर बालवाडीच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात न्यायची. ही अंगणवाडी. साधनं म्हणजे शिंपले, खडे, बिया, पानं, काड्या. मॉंटेसरीच्या महागड्या ठोकळ्यांनी जे काम व्हायचं, म्हणजे लहानमोठं ओळखणं, क्रम लावणं, चिमटीत नेमकं पकडणं, ते इथे फुकटात व्हायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस तोच, इम्प्लिमेंटेशन लोकल.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेलं. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली होती. धाकटं भावंड पाळणाघरात सुरक्षित आहे म्हटल्यावर मोठी बहीण शाळेत मोकळी! जी मुलं गुरं राखायला जायची त्यांच्यासाठी शाळाच कुरणात गेली. तिला नाव कुरणशाळा. यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की मुलांच्या हालचालीला इथे बेशिस्त समजलं गेलं नाही. हालचाल हीच शिकण्याची सुरुवात धरली गेली.

आता या बायकांचं बरोबर होतं हे कशावरून? इथे प्रयोगशाळा येते.

१९३६ मध्ये ज्यां पियाजे यांनी मांडलं की बाळाची बुद्धी सुरुवातीला वस्तू पकडण्यात, ओढण्यात, टाकण्यातच असते. १९६३ मध्ये हेल्ड आणि हाईन यांनी मांजराच्या पिल्लांवर एक प्रयोग केला. दोन पिल्लं एकाच फिरत्या दांड्याला जोडलेली. एक स्वतः चालणार, दुसरं टोपलीत बसून नुसतं फिरणार. दोघांना दिसतं तेच. पण टोपलीतल्या पिल्लाला खोलीचा अंदाज येईना. पुढे उजेडात मोकळं सोडल्यावर ते सुधारलं. थोडक्यात, डोळे उघडे असून भागत नाही, स्वतःच्या पायांनी जावं लागतं. (टॅबसमोर बसवलेलं पोर कुठल्या पिल्लासारखं, हे ज्याचं त्याने ठरवावं.)

आपल्याकडे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांची वाढ मोजली. त्यातून आलेल्या मापनश्रेणीत ३० महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी ६७ कसोट्या हालचालींच्या आणि १६३ मानसिक वाढीच्या. कागदावर दोन वेगळी खाती. पण मानसिक कसोट्यांमध्ये काय असतं? वस्तूकडे हात नेणं, ती हाताळणं, शोधणं. म्हणजे बाळाचं डोकं मोजायला गेलं तरी हातच बघावे लागतात!

२००० मध्ये ॲडेल डायमंड यांनी दाखवून दिलं की तोल आणि हालचाल सांभाळणारा लहान मेंदू आणि नियोजन करणारा मेंदूचा पुढचा भाग बऱ्याचदा एकत्रच कामाला लागतात, विशेषतः काम नवीन आणि अवघड असेल तेव्हा. २०१२ मध्ये कॅरन ॲडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी मोजलं, की १२ ते १९ महिन्यांचं मूल मोकळ्या खेळात तासाला सरासरी २३६८ पावलं टाकतं आणि १७ वेळा पडतं. तासाला १७ बग, आणि तरी प्रोजेक्ट चालू! २०१४ मध्ये हिलमन यांच्या गटाने ७ ते ९ वर्षांच्या २२१ मुलांवर अभ्यास केला. नऊ महिने शाळेनंतर रोज खेळलेल्या मुलांचं लक्ष टिकवणं आणि मनाला आवर घालणं इतरांपेक्षा सुधारलं. जी जास्त नियमित आली त्यांचं जास्त.

पण लगेच "पळा आणि पहिले या" अशी जाहिरात नको. नुसती दमछाक पुरे, की खेळात विचार करायला लागणंही आवश्यक, यावर संशोधकांमध्ये चांगलाच वाद आहे. डायमंड यांचं म्हणणं, यांत्रिक व्यायामाचा या बाबतीत फारसा उपयोग नाही. हिलमन यांना ते मान्य नाही. मला स्वतःला लगोरी, ठिकरी, गजगे यांचं गणित पटतं. गजगा हवेत असताना खालचे किती उचलायचे हे ठरवायचं, हात तिकडे न्यायचा, नजर वर ठेवायची. नियोजन आणि हालचाल एकाच सेकंदात.

आता माझ्या गावाकडे येतो, कारण इथे एक सोपा गैरसमज होऊ शकतो. माझं गाव चकलांबा, तालुका गेवराई, जिल्हा बीड. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसं ऊसतोडीला जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत परत फिरता येत नाही. लहान पोरं बरोबरच जातात आणि कारखान्याजवळच्या पाचटाच्या कोप्यांमध्ये चार-पाच महिने काढतात. कोणी म्हणेल, मग यांना काय कमी? दिवसभर मोकळ्या हवेत, हालचालच हालचाल!

तसं नाही. सात वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर फडाच्या कडेला बसते, पाणी आणते, वाढं गोळा करते. हा खेळ नव्हे, हे काम आहे. पोट अर्धं भरलेलं, शाळा बुडालेली, आणि "हे बघ, असं करून बघ" म्हणणारं मोठं माणूस आसपास नाही. अनुताई आणि ताराबाईंनी नुसतं मैदान दिलं नव्हतं. पाळणाघर दिलं, हाताशी साधन दिलं, आणि मुलाकडे लक्ष देणारी एक बाई दिली. हालचालीला बुद्धीपर्यंत पोचायला हे तिन्ही लागतं. आमच्या फ्लॅटमधल्या पोरांकडे साधन आहे, लक्ष आहे, पण अंगण नाही. कोपीतल्या पोरांकडे फड आहे, बाकी काही नाही. दोघंही अर्धीच.

आणि तो शब्द? ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्राचं नाव अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी अशा सहा सेवांमध्ये शाळापूर्व शिक्षणही होतं. पण खिचडीची ताटं मोजता येतात, मुलाचं वजन नोंदवता येतं. मूल रेषेवरून तोल सांभाळत चाललं की नाही याचा रकाना कुठे असणार? कुपोषणाशी झगडणाऱ्या देशात आहार आधी हे योग्यच. फक्त जे मोजलं जात नाही ते हळूहळू होईनासं होतं, हे रिपोर्ट भरणाऱ्या आम्हा लोकांना वेगळं सांगायला नको. २०२३ मध्ये केंद्राने अंगणवाड्यांसाठी 'पोषण भी, पढ़ाई भी' हा कार्यक्रम सुरू केला. त्या दुसऱ्या 'भी'मध्येच सगळं आलं. आता भीती एवढीच, की 'पढ़ाई' म्हणजे पुन्हा हाताची घडी, तोंडावर बोट होऊ नये.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान असणं आवश्यक ठरवलंय. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमदार हालचाल हवी म्हणते, आणि तीन-चार वर्षांच्या पोरांना दिवसभरात मिळून तीन तास. तेव्हा ॲडमिशनला जाल तेव्हा ग्राउंडचं विचारा, बिनधास्त विचारा. आणि गावी गेलात तर तिथल्या अंगणवाडीत एकदा डोकावून या. ताईंना विचारा, इथे मुलांना पळायला जागा आहे का, हाताळायला खडे-शिंपले काही आहेत का, आणि हंगामात ऊसतोडीला गेलेली पोरं परत आली की त्यांचं काय होतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा थांबून ऐका.