पेट्राच्या घळींतील वाटाड्या

इ. स. १८१२ च्या ऑगस्टची २२ वी तारीख ही पेट्रा नगरीच्या शोधाची म्हणून नमूद होत आलेली आहे. शोधक योहान लुडविग बुर्कहार्ट हा स्विस गृहस्थ. लंडनच्या आफ्रिकन असोसिएशननें त्यास पाठविलें होतें व तो ‘शेख इब्राहीम’ या नांवानें मुसलमानी वेषांत फिरत होता. ‘शोध’ हा शब्द येथें कितपत लागू पडतो, हें त्याच्याच प्रवासवृत्तावरून तपासण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हारूनच्या कबरीपाशीं बकरा बळी देण्याचा नवस सांगून बुर्कहार्टनें वादी मूसांतील एल्जी गांवीं वाटाड्या ठरविला. मजुरी घोड्याच्या जुन्या नालांची एक जोडी. बकरा वाटाड्यानें घेतला, पाण्याची मसक प्रवाशानें. वाट ‘सीक’ नामक घळींतून जाते. हिची लांबी सुमारें १.२ किलोमीटर, रुंदी कोठें कोठें अवघी ३ मीटर, आणि दोहों बाजूंस उभे कडे. भूगर्भांतील हालचालींनीं वालुकाश्म दुभंगून ही झाली. पाण्यानें ती पुढें घासली. मुखाशीं पूर वळविणारा बांध व बोगदा, आणि आंत कड्यांलगत पाण्याचे पाट, हीं नबाती लोकांचीं कामें. इ. स. १९६३ च्या एप्रिलांत घळींत पूर शिरून वीसांहून अधिक माणसें दगावलीं. त्यानंतर तेथें पुन्हां बांध घालण्यांत आला.

घळ संपते तेथें डोंगरांत कोरलेली ‘अल्-खझ्ना’ उभी आहे. तिच्या माथ्यावरील दगडी कलशांत धन आहे या समजुतीनें झाडलेल्या गोळ्यांच्या खुणा आजही दिसतात. वाटाड्याचा संशय याच समजुतींतला. प्रवासी अवशेषांत रेंगाळूं लागतांच, हा नवस फेडणारा नव्हे, धन न्यावयास आलेला काफर आहे, असें त्यानें बोलून दाखविलें. येथील धन आमच्या मुलखांतलें व आमचें, असेंही बजाविलें. मोजमाप राहिलें, सूर्यास्तानंतर डोंगराच्या पायथ्याशींच बकरा कापून बुर्कहार्ट परतला.

असें चोरून केलेलें टिपण अपुरें खरें, पण त्यांत अतिशयोक्ति नाहीं. हे अवशेष पेट्राचे असणें फार संभवनीय, एवढेंच तो म्हणतो व निर्णय ग्रीक विद्येच्या पंडितांवर सोपवितो. म्हणूनच हें साधन आम्हांस विश्वसनीय वाटतें. तो इ. स. १८१७ त कैरो येथें वारला, ग्रंथ इ. स. १८२२ त छापला गेला; त्याचीं पौर्वात्य हस्तलिखितें केंब्रिज विद्यापीठास मिळालीं.

तात्पर्य, पेट्रा युरोपास विसरली होती, एल्जीकरांस नव्हे. बुर्कहार्टनें ठिकाणाची ओळख पटविली; ठिकाण दाखविलें वाटाड्यानें, आणि वृत्तांतांत तो केवळ ‘वाटाड्या’ म्हणूनच येतो. आपल्याकडेही दप्तर हातीं आलें म्हणजे संग्राहकाचें नांव छापलें जातें. तें ज्यानें माळ्यावरून काढून दिलें, त्याचें नांव व गांव त्याच दिवशीं टिपून ठेवावें, अशी आमची संग्राहकांस विनंति आहे.