कागदाचे अग्निबाण

अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानांत नॉरफोक नांवाचें एक लहानसें शहर आहे. तेथें ऑर्विल कार्लाइल नांवाच्या गृहस्थाचें जोड्यांचें दुकान होतें. दिवसभर गिऱ्हाइकांच्या पायांचीं मापें घ्यावीं आणि फावल्या वेळीं शोभेच्या दारूकामांत रमावें, असा त्याचा क्रम असे. त्याचा भाऊ रॉबर्ट हा विमानांच्या लहान प्रतिकृति करून उडविणारा. अग्निबाण कोणत्या तत्त्वावर उडतो या विषयावर रॉबर्ट व्याख्यानें देत असे, आणि त्या व्याख्यानांत उडवून दाखवितां येईल असा एखादा छोटा बाण त्याला हवा होता. एकाला दारूची जाण, दुसऱ्याला पंखांची. या दोन छंदांच्या संगमांतून १९५४ सालीं जें उपकरण जन्मास आलें, तेंच आज जगभर मैदानांवर मुलें आणि त्यांचे वडील उडवीत असलेल्या छोट्या अग्निबाणांचें मूळ होय.

दिवाळींतला बाण महाराष्ट्रांत कोणाला ठाऊक नाहीं? मराठ्यांच्या सैन्यांत तर बाण हें एक रूढ हत्यार होतें. या बाणाला लांब काडी जोडलेली असते व तिच्यामुळें तो सरळ जातो. कार्लाइल बंधूंनीं ही काडी काढून टाकली आणि तिचें काम शेपटाजवळच्या पातळ पंखांकडे सोंपविलें. अंगाला कागदाची नळी, टोंकाला हलक्या लांकडाचा शंकु आणि पोटांत पुठ्ठ्याची एक लहानशी कांडी, एवढाच त्याचा संसार. खरी कल्पकता या कांडींत होती. तिच्या खालच्या तोंडाशीं मातीची तोटी आणि तिच्यावर ठासलेली बंदुकीची दारू. ही दारू जळून संपली म्हणजे वरचें मंद जळणारें मिश्रण पेट घेतें. तें बाणाला ढकलीत नाहीं, नुसता धूर सोडतें. तेवढ्या वेळांत बाण मिळालेल्या वेगानें वर चढत राहतो. शेवटीं थोडी मोकळी दारू भपकन् पेटते, वरच्या बाजूस दाब देते, टोंक उडवून लावते आणि आंत घडी करून ठेवलेली छत्री बाहेर लोटते. बाण छत्रीला लोंबकळत खालीं येतो. जळकी कांडी काढून नवी बसविली कीं तो पुन्हा सज्ज होतो. ‘रॉक-अ-शूट’ असें त्याचें नांव ठेवण्यांत आलें आणि १ जुलै १९५८ रोजीं त्याचें पेटंट मिळालें. दारूकामाचा बाण उडाला कीं त्याची राख होते; हा परत येतो. जी वस्तु परत येते ती नीट करावीशी वाटते, रंगवावीशी वाटते, मोडली तर जोडावीशी वाटते. पुढचा सारा इतिहास या एका गोष्टींतून निघाला.

या खेळण्याची महती ज्यानें ओळखली तो मनुष्य नेब्रास्कापासून फार दूर, न्यू मेक्सिकोंत होता. हॅरी स्टाइन हा व्हाइट सँड्स येथील लष्करी अग्निबाणांच्या मैदानावर काम करी. तेथील कामांत सुरक्षितता कशी राखली जाते यावर त्यानें एका लोकप्रिय यंत्रविषयक मासिकांत लेख लिहिला, आणि १९५७ च्या आरंभीं तो कार्लाइलच्या वाचनांत आला. त्या लेखामुळें स्टाइनकडे मुलांचीं पत्रेंहि येऊं लागलीं होतीं. आम्हांला अग्निबाण करावयाचे आहेत, कसे करावे तें सांगा, असा त्यांचा आग्रह. उत्तर काय द्यावें? खरें सांगावें तर मुलें हात भाजून घेणार, आणि न सांगावें तरी घेणारच. अशा वेळीं नॉरफोकहून कार्लाइलनें पाठविलेले कागदी बाण त्याच्या हातांत पडले. त्यानें ते उडवून पाहिले आणि त्याच्या मनांतल्या प्रश्नाला उत्तर मिळालें.

तें उत्तर किती निकडीचें होतें हें त्याच वर्षाच्या ४ ऑक्टोबरला दिसून आलें. रशियाचा स्पुटनिक आकाशांत फिरूं लागला आणि अमेरिकेंतील मुलांना अग्निबाणांचें जणूं वेडच लागलें. तळघरांत, गॅरेजांत, परसांत जस्ताची पूड आणि गंधक यांचीं मिश्रणें होऊं लागलीं. आगकाड्यांचीं गुलें खरवडून लोखंडी नळांत ठासलीं जाऊं लागलीं. असा नळ फुटला म्हणजे त्यांत आणि बाँबगोळ्यांत फारसा फरक राहत नाहीं. कित्येकांचीं बोटें गेलीं, डोळे गेले, आणि कांहीं मुलें प्राणांसहि मुकलीं. वेस्ट व्हर्जिनियांतील कोलवुड या खाणवस्तींत होमर हिकम आणि त्याचे मित्र पोलादी बाण करून यशस्वी झाले, आणि पुढें १९९८ मध्यें हिकमनें लिहिलेल्या आठवणींमुळें ती कथा जगभर गेली. परंतु त्यांच्या पाठीशीं खाणीच्या कारखान्यांतले कसबी कारागीर होते. ज्या मुलांच्या पाठीशीं कोणी नव्हतें त्यांच्या आठवणी कोण लिहिणार?

अग्निशामक दलांच्या पुष्कळ अधिकाऱ्यांचें म्हणणें, हा उद्योग साफ बंद करावा. दुसरा पक्ष म्हणे, मुलांना जाणत्यांच्या देखरेखीखालीं दारू मिसळावयास शिकवावें. स्टाइननें या दोहोंखेरीज तिसरा मार्ग धरला. दारू मुलाच्या हातीं द्यावयाचीच नाहीं. ती कारखान्यांत यंत्रानें ठासली जावी आणि बंद कांडीच्या रूपानेंच मिळावी. बाकीचें सारें, म्हणजे नळी, पंख, टोंक, छत्री, रंग आणि हिशेब, त्याच्याकडे सोडून द्यावें. धातूचा उपयोग नाहीं. पेटविणें तें विजेच्या तारेनें, दूर उभें राहून, मोठ्यानें उलटे आंकडे मोजून. बाण उभ्या सळईवरून सुटावा आणि कशावरहि नेमला जाऊं नये. वरवर पाहतां हे निर्बंध वाटतात. पण त्यांनीं काढून घेतलें तें फक्त मिश्रण कालविण्याचें काम, आणि त्यांत शिकण्यासारखें होतें त्यापेक्षां गमावण्यासारखें कितीतरी अधिक होतें.

स्पुटनिकनंतर वृत्तसंस्थेजवळ स्पष्ट बोलल्यामुळें स्टाइनची तेव्हांची नोकरी सुटली होती. त्यानें डेन्व्हर येथें ‘मॉडेल मिसाइल्स’ ही छोटी कंपनी उभी केली, आणि त्याच १९५७ सालीं छांदिष्टांची एक संघटनाहि काढली. तीच पुढें ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ झाली. तिच्या सभासदांच्या यादींत पहिला क्रमांक कार्लाइलचा आणि दुसरा स्टाइनचा, यावरून स्टाइनची वृत्ति कळून येते. कंपनीनें विक्रीस काढलेला पहिला संच ‘एरोबी-हाय’ या नांवाचा होता. वातावरणाच्या वरच्या थरांत उपकरणें नेणारा जो खरा एरोबी-हाय बाण व्हाइट सँड्सहून सोडला जाई, त्याच्याच रूपावर हा बेतलेला. म्हणजे खऱ्या बाणाची प्रतिकृति करण्याची हौस या छंदाला पहिल्या संचापासूनच चिकटली.

अडचण होती ती कांड्यांची. हातानें ठासलेल्या कांड्या पुरेनात, आणि दोन कांड्यांचा जोर सारखा असेल याची खात्री नसे. तेव्हां स्टाइननें डेन्व्हरमध्येंच दारूकाम करणाऱ्यांचा शोध घेतला आणि व्हर्नन एस्टेस या तरुणाशीं गांठ पडली. त्याच्या वडिलांचा धंदा दारूकामाचा. एस्टेसनें एक यंत्र बनविलें व त्याला ‘मेबल’ असें बाईचें नांव दिलें. १९५९ च्या जानेवारींत ही मेबल चालूं लागली आणि दर साडेपांच सेकंदांस एक कांडी बाहेर टाकूं लागली. स्टाइनच्या कंपनीला लागत त्याहून किती तरी अधिक कांड्या निघूं लागल्यावर एस्टेसनें स्वतःच टपालानें विक्री सुरू केली, आणि १९६१ सालीं कारखाना कोलोरॅडोंतीलच पेनरोझ या गांवीं हलविला. स्टाइनची कंपनी मात्र लवकरच बुडाली. धंदा त्याला साधला नाहीं. नियम, पुस्तकें आणि माणसें जोडणें साधलें. अनेक संस्थानांच्या कायद्यांत हे कागदी बाण फटाक्यांतच गणले जात. त्यांना त्या सदरांतून सोडवून घेण्यासाठीं तो आणि त्याची संघटना अधिकाऱ्यांशीं वर्षानुवर्षें झगडली.

आज या कांड्यांवर ‘सी ६-५’ अशासारखीं अक्षरें छापलेलीं असतात. अक्षरावरून एकंदर जोर कळतो, आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला त्याची मर्यादा दुप्पट होते. पहिला आंकडा सरासरी रेट्याचा, न्यूटनांत. दुसरा, छत्री उघडण्यापूर्वीं किती सेकंद जावयाचे त्याचा. कांडी अशी मोजूनमापून हातीं आली, आणि मग खरा प्रश्न उरला तो अंगाचा.

खऱ्या बाणाचें रूप जसेंच्या तसें लहान केलें तर तो उडेल काय? बहुधा नाहीं. सॅटर्न-५ हा चंद्रावर माणसें नेणारा बाण ३६३ फूट उंच होता. शंभरास एक या प्रमाणानें केलेला त्याचा संच एस्टेसनें १९६९ सालीं विक्रीस काढला. त्याची उंची सुमारें साडेतीन फूट भरते. लांबी शंभरपट कमी झाली म्हणजे घनफळ दहा लक्ष पटींनीं कमी होतें. खऱ्या सॅटर्नचें वजन सुमारें २९ लक्ष किलो होतें; या हिशेबानें प्रतिकृतीचें वजन जवळजवळ तीन किलो भरावयास पाहिजे. पण कागदाची प्रतिकृति अर्ध्या किलोच्याहि आंत बसते. खऱ्या बाणाच्या पोटांत वरपासून खालपर्यंत इंधन भरलेलें, तर प्रतिकृतीचें पोट पोकळ आणि जड अशी एकच वस्तु, ती कांडी, नेमकी शेपटाशीं! शिवाय खऱ्या सॅटर्नचीं बाहेरचीं चार एंजिनें वळवून त्याला सांवरतां येई. जर्मन व्ही-२ च्या ज्वालेंत ग्रॅफाइटचीं पातीं फिरत. प्रतिकृतीला सांवरणारें कोणी नाहीं. तिचा गुरुत्वमध्य पुढें आणि हवेच्या दाबाचा मध्य मागें असेल तरच ती सरळ जाईल, नाहीं तर सळई सोडतांच गिरक्या घेत जमिनीवर येईल.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही दुखणारे. टोंकांत शिसें किंवा चिकणमाती भरावी तर वजन वाढतें आणि उंची घटते. पंख मोठे करावे तर रूप बिघडतें. त्यांतून कांहींनीं पारदर्शक प्लॅस्टिकचे जादा पंख लावण्याची तोड काढली. पंख आहेत, पण दुरून दिसत नाहींत! दाबमध्य नेमका कोठें आहे हें समजण्याची रीत पूर्वीं ओबडधोबड होती. बाणाची बाजूची आकृति पुठ्ठ्यांतून कापून ती कोठें तोलते तें पाहावयाचें, किंवा बाणाला दोरी बांधून तो डोक्याभोंवतीं फिरवावयाचा. पुठ्ठ्याची रीत दाबमध्य खऱ्यापेक्षां पुढें दाखवी, त्यामुळें लोक उगाच जास्त शिसें भरीत. १९६६ सालीं जेम्स बॅरोमन या नासाच्या इंजिनिअरानें, जो स्वतःच या छंदांतला, संघटनेच्या वार्षिक मेळाव्यांत आपलीं समीकरणें मांडलीं. पट्टी आणि पेन्सिल घेऊन शाळेंतला मुलगाहि आतां दाबमध्य काढूं शकला. एवढें ज्ञान हातीं आल्यावर संचांत दिलेली आकृतीच पत्करण्याचें कारण उरलें नाहीं.

उदाहरणार्थ, १४ मे १९७३ रोजीं जो शेवटचा सॅटर्न-५ उडाला त्यानें स्कायलॅब ही अंतराळांतील प्रयोगशाळा नेली. त्याच्या माथ्यावर निमुळतें यान नव्हतें. तिसऱ्या टप्प्याच्याच रुंदीचें, शंकूसारख्या टोंकाचें भलें मोठें आवरण होतें, आणि एकंदर उंची सुमारें ३३४ फूट होती. चांद्रयानाचा संच घेऊन त्याचा स्कायलॅब-बाण करावयाचा म्हटलें तर वरचा भाग कापून कागदाचें नवें आवरण वळावें लागतें. दिसावयास काम सोपें. पण माथा रुंद झाल्यानें दाबमध्य पुढें सरकतो आणि उंची घटल्यानें टोंकांतल्या शिशाचा प्रभाव कमी होतो. ज्यानें हा हिशेब न करतां केवळ चित्र पाहून कात्री चालविली त्याला त्याचें उत्तर मैदानावरच मिळतें.

मापांचा शोध हें तर एक स्वतंत्र व्यसन आहे. व्ही-२ च्या अंगावरील काळेपांढरे पट्टे शोभेसाठीं नव्हते. उडतांना बाण स्वतःभोंवतीं किती फिरतो हें कॅमेऱ्यांत दिसावें म्हणून ते काढीत, आणि त्यांची मांडणी प्रत्येक बाणावर एकसारखी नसे. म्हणून जाणता कारागीर ‘व्ही-२’ करीत नाहीं. अमुक दिवशीं उडालेला अमुक व्ही-२ करतो आणि त्याचीं छायाचित्रें व नकाशे परीक्षकांपुढें ठेवतो. पीटर ऑल्वे यानें १९९३ सालीं ‘रॉकेट्स ऑफ द वर्ल्ड’ या ग्रंथांत अशीं मापें एकत्र केलीं तेव्हां कित्येकांची पत्रापत्री वांचली. या कामांत पूर्व युरोपांतील लोक फार पुढें गेले. १९६६ मध्यें चेकोस्लोव्हाकियांतील दुब्नित्सा येथें पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९७२ मध्यें युगोस्लाव्हियांतील व्हर्शात्स येथें पहिली जागतिक स्पर्धा.

प्रतिकृतींच्या स्पर्धेची रीत मोठी कठोर आहे. आधीं परीक्षक बाण टेबलावर ठेवून मापून पाहतात; मग तो उडवावाच लागतो. महिनोगणती खपून केलेली वस्तु ज्वालेवर चढवावयाची आणि तिची छत्री उघडेल अशी आशा धरून वर पाहत राहावयाचें. खऱ्या सॅटर्नचे खालचे टप्पे समुद्रांत पडून जात. त्यांना कोणी परत मागत नसे. प्रतिकृति मात्र परत आली पाहिजे, आणि त्यासाठीं तिच्या पोटांत खऱ्या बाणांत कधींच नसलेली छत्री दडवावी लागते. सॅटर्नच्या अगदीं टोंकाला अंतराळवीरांच्या बचावासाठीं एक नाजूक जाळीदार मनोरा असे. बाण छत्रीखालीं संथपणें उतरला तरी बहुधा तोच आधीं मोडतो, आणि त्याचे तुकडे गवतांतून वेंचून कारागीर खिशांत ठेवतो.