घाम : शरीराचा तापमान-नियंत्रक

प्रतिनिधी, मुंबई

सकाळच्या गर्दीत अंधेरी किंवा घाटकोपर स्थानकावर लोकल पकडताना सदरा घामाने चिंब भिजतो आणि आपण वैतागतो. परंतु हाच घाम आपले प्राण राखत असतो. श्वसन, पचन, रक्ताभिसरण या मूलभूत जीवनक्रिया सुरळीत चालण्यासाठी शरीराचे अंतर्गत तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास राहावे लागते.

उष्णता कोठून येते?
पेशींमध्ये प्राणवायूच्या साह्याने अन्नातील ऊर्जा मुक्त होते. तिचा मोठा भाग उष्णतेत रूपांतरित होतो. शरीर तापू लागताच मेंदूतील हायपोथॅलॅमस हे केंद्र त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावते आणि २० ते ४० लाख घर्मग्रंथींना कामाला लावते. एक लिटर घामाचे बाष्पीभवन होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते.

दमट हवेची अडचण
थंडावा मिळतो तो घाम वाळल्यामुळे, निथळल्यामुळे नव्हे. मुंबईच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावते. त्यामुळेच मैदानी प्रदेशात उष्णतेच्या लाटेसाठी किमान ४० अंशांचा निकष असताना, किनारपट्टीसाठी हवामान विभागाने तो ३७ अंश ठेवला आहे; तापमान सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असणेही आवश्यक असते. सांताक्रूझ वेधशाळेत २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश तापमान नोंदले गेले होते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथील महाराष्ट्रभूषण पुरस्कार सोहळ्यात भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला. त्या दिवशी पारा ४० अंशांच्या आतच होता, हे विसरता कामा नये.

धोका केव्हा?
थकवा, चक्कर, मळमळ, स्नायूंत गोळे येणे ही पहिली सूचना. अशा वेळी सावलीत बसून पाणी प्यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून केलेले पेय घोटाघोटाने घ्यावे. शरीराचे तापमान ४० अंशांवर जाऊन बडबड, भ्रम किंवा बेशुद्धी आली, तर तो उष्माघात समजावा. काही रुग्णांची त्वचा कोरडी पडते. मात्र श्रमाने उष्माघात झालेल्यांना घाम येतही असतो. अशा रुग्णाचे कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

वृद्ध, लहान मुले, हृदयविकाराचे रुग्ण आणि उन्हात राबणारे कामगार यांनी विशेष जपावे.