जुन्या गाडीवर मोठा खर्च करायचा की गाडी बदलायची? निर्णय घेण्याची सोपी पद्धत

घरातली गाडी दीड लाख किलोमीटरच्या आसपास गेली की एक दिवस गॅरेजवाल्याचा व्हॉट्सॲप मेसेज येतो. क्लच, सस्पेन्शन, टायर, ब्रेक, एसी, आणि खाली एकूण आकडा. आमच्याकडे तो 68,000 रुपये होता. बाबांची 2012 ची पेट्रोल हॅचबॅक, मीटरवर 1,48,000 किलोमीटर. बाबा म्हणाले, "करून टाकू, गाडी अजून दणकट आहे." काका म्हणाले, "नव्वद हजारांच्या गाडीला अडुसष्ट हजार लावणार?" दोघांचंही ऐकताना पटत होतं, आणि दोघांनीही हिशोब केला नव्हता. तो हिशोब कसा करायचा ते या लेखात बघू.

"गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च नको" हा नियम अपुरा का पडतो?

हा नियम सगळीकडे ऐकायला मिळतो. पण त्यात खर्चाची तुलना गाडीच्या विक्रीच्या किमतीशी होते. तुम्ही गाडी विकणार नाही, वापरणार आहात. मग खरा प्रश्न असा: एवढे पैसे घालून पुढे किती महिने भरवशाचा वापर मिळेल, आणि तेवढाच वापर दुसऱ्या गाडीतून मिळवायला किती पडेल?

आणखी एक गोष्ट. मागच्या वर्षी गाडीवर किती खर्च केला, हे या हिशोबात धरायचं नाही. "आत्ताच बॅटरी टाकली, आता कशी विकू?" असं वाटणं साहजिक आहे, पण ते पैसे दोन्ही बाजूंनी गेलेलेच आहेत. नवी बॅटरी असल्याने गाडीला चार पैसे जास्त मिळत असतील, तर ते आजच्या किमतीत आपोआप येतील.

पायरी 1: आधी गाडीचा "पाया" तपासा

क्लच, शॉकअप, टायर, ब्रेक पॅड हे झिजणारे भाग आहेत. ते बदलले की विषय संपतो. पण इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडीचा सांगाडा खराब असेल तर वरचा खर्च वाया जातो. म्हणून एस्टिमेटला हो म्हणण्याआधी एवढं बघा:

- धूर: निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल-डिझेल जास्त जातंय. पांढरा दाट धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जात असू शकतं. थंडीत सकाळी थोडा वेळ दिसणारी वाफ मात्र नॉर्मल आहे.
- ऑइल: फिलर कॅपच्या आत किंवा डिपस्टिकवर दुधाळ चॉकलेटी थर दिसला तर हेड गॅस्केटची शंका घ्या.
- कॉम्प्रेशन टेस्ट: मेकॅनिककडे त्यासाठी गेज असतो. सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. एखादा बाकीच्यांपेक्षा बराच कमी असेल तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्केटमध्ये दोष आहे.
- गंज: गाडी रॅम्पवर चढवून खालून फोटो काढायला सांगा. कोकण किनारपट्टीवर वापरलेल्या गाड्यांना हे आधी करा. दाराच्या खालचा पत्रा सडला तर दुरुस्त होतो, पण सस्पेन्शन जिथे बसतं तिथला पत्रा सडला असेल तर गाडीवर खर्च थांबवा.

पायरी 2: मोबाईलवर गाडीचे एरर कोड वाचा

भारतात एप्रिल 2013 पासूनच्या बीएस-4 पेट्रोल-डिझेल गाड्यांना ओबीडी-2 लागू झालं. त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत स्टीअरिंगखाली 16 पिनांचा तोच पोर्ट सापडतो. त्यात लावायचा ब्लूटूथ स्कॅनर काही शे रुपयांत मिळतो. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ स्कॅनर अनेकदा जोडला जात नाही, त्यामुळे बीएलई किंवा वायफायवाला बघून घ्या. ॲप म्हणून "टॉर्क" किंवा "कार स्कॅनर" चालतं.

पण कोड म्हणजे निदान नाही, हे लक्षात ठेवा. प्रोग्रॅमचा एरर मेसेज चूक कुठे *दिसली* ते सांगतो, कुठे *झाली* ते नाही. गाडीचंही तसंच. उदाहरणार्थ पी0420 म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही असं कॉम्प्युटरला वाटतंय. कारण खुद्द कन्व्हर्टर असू शकतं, बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर असू शकतो किंवा सायलेन्सरच्या पाइपमधली गळतीही असू शकते. या तिन्ही दुरुस्त्यांच्या खर्चात मोठा फरक आहे. कोड दाखवून "महागडा पार्ट बदला" असं कोणी म्हटलं तर "बाकीची कारणं तपासली का?" हे नक्की विचारा.

सेकंडहँड गाडी बघायला जातानाही हा स्कॅनर कामाला येतो. विकणाऱ्याने कोड पुसले की डॅशबोर्डवरचा दिवा विझतो, पण ॲपमधले "रेडिनेस मॉनिटर" अपूर्ण दिसतात. बॅटरी काढून लावल्यावरही तसं होतं, म्हणून लगेच आरोप करू नका. दोन-चार दिवस गाडी चालल्यावर पुन्हा तपासायला मागा.

पायरी 3: एस्टिमेटचे तीन ढीग करा

पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागा, मग प्रत्येक ओळ एका ढिगात टाका. आमची यादी अशी झाली:

1. सुरक्षितता: ब्रेक 7,000 + सस्पेन्शन 16,000 + चार टायर 16,000 = 39,000
2. गाडी चालायला हवंच: क्लच सेट 11,000
3. सोय: एसी कॉम्प्रेसर 18,000

पहिल्या ढिगात काटकसर नाही. तो खर्च परवडत नसेल तर गाडी चालवायची नाही, एवढं सरळ आहे. तिसरा ढीग थांबू शकतो. म्हणजे आज खरा प्रश्न 68,000 चा नसून 50,000 चा आहे.

पार्ट घेताना गाडीच्या कंपनीचा शिक्का असलेला आणि तोच पार्ट पुरवणाऱ्या उत्पादकाने स्वतःच्या खोक्यात विकलेला, असे दोन्ही भाव विचारा. बदललेले जुने पार्ट परत मागा.

पायरी 4: कागदपत्रांची मुदत बघा

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. एम-परिवहन ॲपमध्ये आरसीची तारीख दिसते. त्यानंतर गाडी आपोआप भंगारात जात नाही. फिटनेस तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. एप्रिल 2022 मध्ये कारसाठी ही फी 5,000 रुपये झाली. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो, त्यामुळे आजची फी आणि कर आरटीओत जाण्याआधी परिवहन पोर्टलवर बघा. दिल्ली-एनसीआरमधले 10 वर्षं डिझेल, 15 वर्षं पेट्रोलचे निर्बंध हा वेगळा विषय आहे. त्यांच्या बातम्या वाचून इथली गाडी घाईने विकू नका.

गाडी मोडीतच काढायची असेल तर मान्यताप्राप्त स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. तिथे "सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट" मिळतं आणि नव्या गाडीच्या नोंदणीवेळी त्यावर सवलत घेता येते. भंगारवाल्याला परस्पर दिलेली गाडी कागदावर तुमच्याच नावावर राहते.

पायरी 5: महिन्याचा खर्च काढा

आमच्या गाडीची मुदत दोन वर्षं होती, म्हणून 24 महिने धरले. किमतींचे आकडे आमचे अंदाज आहेत, तुम्ही तुमचे टाका.

*गाडी ठेवली तर:* दुरुस्ती 50,000 + अचानक निघणाऱ्या कामांसाठी राखीव 20,000 + दोन वर्षांत किंमत 90,000 वरून 70,000 झाली तर 20,000. एकूण 90,000, म्हणजे महिन्याला 3,750.

*गाडी बदलली तर:* साडेचार लाखांची सेकंडहँड गाडी, जुनीचे 90,000 वजा, उरलेल्या 3,60,000 चं 12 टक्क्यांनी चार वर्षांचं कर्ज. ईएमआय सुमारे 9,480. पण संपूर्ण ईएमआय खर्च धरणं चूक आहे, कारण त्यातून गाडी तुमची होते. खरा खर्च म्हणजे दोन वर्षांचं व्याज सुमारे 69,000 + किंमत साडेचारवरून 3,40,000 वर आली तर 1,10,000. एकूण 1,79,000, म्हणजे महिन्याला सुमारे 7,450. ट्रान्सफर, जास्तीचा विमा आणि नव्या गाडीची दुरुस्ती अजून वेगळी.

आता हाच हिशोब उलटा कधी पडतो ते बघा. समजा कॉम्प्रेशन टेस्टमध्ये दोष निघाला आणि इंजिनकामाचे 60,000 वाढले. मग जुन्या गाडीचा महिना 6,250 होतो आणि एसी धरला तर 7,000. आकडा अजूनही थोडा कमीच आहे, पण भरवसा गेलेला असतो. अशा वेळी मी बदलायच्या बाजूने जाईन. म्हणून कॉम्प्रेशन टेस्ट सगळ्यात आधी करायची, क्लच टाकून झाल्यावर नाही.

आकड्यांत न मावणारी गोष्ट

गाडी कोण आणि कुठे चालवतं, हेही बघा. शहरात आठवड्याला दोन फेऱ्या होत असतील तर रस्त्यात बंद पडणं म्हणजे तासाभराचा वैताग. पण त्याच गाडीतून कोणी रात्री-अपरात्री घाट उतरत असेल किंवा घरी दवाखान्यात न्यावं लागणारं माणूस असेल, तर भरवशाची किंमत वाढते. तसंच नव्या हॅचबॅकमध्ये एअरबॅग आणि एबीएस असतात, बऱ्याच जुन्या गाड्यांच्या बेस मॉडेलमध्ये ते नाहीत. कितीही दुरुस्ती केली तरी ते येणार नाहीत.

आम्ही आधी 50,000 चं काम केलं आणि एसी सोडला. ठरवताना एक मर्यादाही लिहून ठेवली: पुढच्या वर्षभरात राखीव 20,000 संपले तर गाडी विकायची, पुन्हा चर्चा नाही. ही मर्यादा आधीच ठरवा आणि मोबाईलच्या नोट्समध्ये घरच्यांसोबत शेअर करा. गाडी रस्त्यात बंद पडल्यावर निर्णय घ्यायला बसलात तर हिशोब बाजूला राहतो आणि मेकॅनिक जे म्हणेल ते आपण करतो.