आत्याच्या दोन टेपा

आमच्या कोळीवाड्यात हळदीच्या रात्री 'मी डोलकर' वाजल्याशिवाय मांडव हलत नाही. पोरांना विचारलं तर सांगतात, हे आपलं पणजोबाच्या वेळचं गाणं. मीही तसंच समजत होतो. आमचा अलिबाग तालुका तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता. आकाशवाणी मुंबईच्या 'कामगार सभे'त हे गाणं लागलं की बापूस जाळं विणता विणता मान डोलवायचा. पुढे कॉलेजात कळलं, शब्द शान्ता शेळके यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, गळे लताबाईंचा आणि हेमंतकुमारांचा. शान्ताबाई जन्मल्या इंदापुरात, हेमंतकुमार तर बंगाली. दोन दिवस मला फसवल्यासारखं वाटलं. बापसाला सांगितलं, तर म्हणाला, "मंग? बरा गायलाय की!"

बापूस स्वतः डोलकर. डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं, तोंडाशी रुंद, शेपटाशी निमुळतं. खोल पाण्यात रोवलेल्या खुंटांना बांधून ते भरती-ओहोटीच्या ओढीसमोर उघडं धरायचं आणि ओढ मंदावली की वर घ्यायचं. बोंबील, जवळा त्यातच सापडतो. ओढ मंदावलेली असते ती थोडाच वेळ, म्हणून सगळी घाई तेव्हाच. एकाने हाक उचलायची, बाकीच्यांनी झेलायची आणि झेलताना दोर खेचायचा. जाळं जड असलं तर पुढचा गडी तीच ओळ तीन-चारदा फिरवायचा, हलकं असलं तर अर्धी गिळून पुढे जायचा. त्यात शब्द थोडे आणि दम जास्त. रेकॉर्डवर गाणं तीन-चार मिनिटांत उरकावं लागतं आणि ढोलकीचा ठेका जाळं जड की हलकं ते बघत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. बोटीला इंजिन लागलं, वल्ही भिंतीला टेकली आणि ती हाक आपसूक बंद पडली. तिला कुणी रेकॉर्डवाल्याने मारलेलं नाही.

साहेबाच्या जहाजांवरही हेच झालं. सेसिल शार्प नावाच्या संग्राहकाने 1914 साली वॉचेट बंदरातल्या जॉन शॉर्ट नावाच्या म्हाताऱ्या खलाशाकडून शिडं ओढायची नि नांगर उचलायची गाणी उतरवून घेतली. पुस्तक छापलं ते पियानोच्या साथीसह! दिवाणखान्यात नांगर कोण उचलणार?

बायकांची गाणी मात्र इंजिनाने बुडाली नाहीत. माझी आत्या धवलारीण होती. आमच्यात लग्न लावायचा मान धवलारणीचा. हळदीपासून प्रत्येक विधीला तिचा धवला हवाच. कागद नाही, वही नाही, सगळं तोंडपाठ. 1983 साली मित्राचा टेपरेकॉर्डर आणून मी तिला चुलीपुढे बसवलं. साठ मिनिटांची कॅसेट. अर्ध्या तासाने खटका पडला तशी म्हणाली, "तुझी टेप सरली रे, माझा गाना नाय सरला."

दुसरी टेप 1996 ची, पुतण्याच्या हळदीतली. तोवर 'वेसावकर आणि मंडळी'च्या कॅसेटी घरोघर आल्या होत्या. त्यांनी वेसाव्याची बोली जपली, हे मी कधीही मान्य करीन, पण बेंजोने आवाज एवढा वाढवला की धवलारणीला मांडवाच्या कोपऱ्यात जावं लागलं. दुसऱ्या टेपेत ती ऐकू येते ती बेंजोच्या मागून.

निवृत्तीनंतर दोन्ही टेपा लागोपाठ ऐकल्या. नाखव्याची वाट बघणाऱ्या बाईचं एक गाणं दोन्हींत आहे. पहिल्या टेपेत ते खालच्या सुरात घोटाळत राहतं, ओळ कुठे संपेल सांगता येत नाही आणि मधे ती नवरीच्या आजीचं, मावशीचं नाव गुंफते. दुसऱ्या टेपेत ओळी सारख्या मापाच्या, शेवटाला रेडिओतल्यासारखी उंच तान आणि नावं गायब. मी मनात बेंजोवाल्यांना शिव्या घातल्या. लेख लिहायचा म्हणून वहीत 'कॅसेटचा परिणाम' असं लिहूनही टाकलं.

मग पहिली टेप पुन्हा लावली, या वेळी गाणं संपल्यावर बंद न करता. तिथे माझाच आवाज आहे, तेविसाव्या वर्षीचा, शहाणा. "आत्या, असं नाही गं. रेडिओवर शेवट वर जातो. आणि ही नावंबिवं मधे कशाला? परत म्हण नीट."

नंतर बराच वेळ काही नाही. चुलीतलं लाकूड तडतडतं, मागे कुठेतरी कोंबडी. मग आत्या, हळूच, शिकायला बसलेल्या पोरीसारखी:

"मंग कसा हाय तो? तू सांग."